पाखाडीवरच्या ट्रॉलीला लावलेली ब्रेकवाली गिअर मोटर, दोन सीझन वापरून झाल्यावर

आमची बाग पावसच्या अलीकडे. रस्ता वर कातळावर आणि कलमं सगळी खाली खाडीच्या बाजूच्या उतारावर, मधे जांभ्याची पाखाडी, ८४ पायऱ्या. ज्यांची बाग अशी आहे त्यांना पुढचं सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. एक क्रेट म्हणजे २० किलो आंबा आणि वर क्रेटचं वजन, आणि भर सीझनला दिवसाला ६०-७० क्रेट वर रस्त्यावर न्यायचे असतात, तेही संध्याकाळी वाशीची गाडी यायच्या आत. गडी डोक्यावर चुंबळ ठेवून चढायचे. आमच्याकडे वीस-बावीस वर्षं काम करणारे एक काका आहेत, चार वर्षांपूर्वी मे महिन्यात ते पाखाडीच्या मधेच क्रेट उतरवून बसले आणि म्हणाले, "आता नाय होत रे माझ्याच्यान." त्या दिवशी ठरवलं की यंत्र बसवायचं.

तेव्हापासून तीन मोटरी झाल्या. पहिली जळली, दुसरीने जीव घेतला असता, तिसरी आत्ता चालू आहे आणि तिच्याबद्दलच हा रिव्ह्यू आहे. पण पहिल्या दोन सांगितल्याशिवाय तिसरी का घेतली ते कळणार नाही म्हणून जरा लांबण लागेल.

आधी रचना सांगतो. पाखाडीच्या बाजूने २८ मीटर लांबीचे दोन चॅनल रेलसारखे टाकलेत, चढ साधारण ३० अंश, म्हणजे उंची १४ मीटर. त्यावर चार चाकांची ट्रॉली, वर शेडमधे रोप गुंडाळायचा ड्रम, ८ मिमीचा गॅल्व्हनाइज्ड वायर रोप. बटण दाबलं की ट्रॉली आपली आपण वर येते, शेवटी हळू होते आणि जागेवर थांबते. माणूस तिच्यावर बसत नाही, बसायचंही नाही, खाली वर दोन्हीकडे बोर्ड लावलाय आणि पोरांना तर सक्त ताकीद आहे. माणसं न्यायची असतील तर तो विषयच वेगळा, त्याला विद्युत निरीक्षकांची परवानगी लागते आणि यंत्रणाही पूर्ण वेगळी लागते, हे वाचून कोणी तसलं काही करायला जाऊ नका.

पहिल्या वर्षी घेतला तो सिंगल फेजचा मिनी होइस्ट, दुकानात लटकवलेले असतात ना पिवळे नाहीतर लाल, तसला. वर ४००/८०० किलो लिहिलेलं. त्यातला मोठा आकडा हुकला पुली लावून रोप दुहेरी केला तरचा असतो, सरळ एका रोपवर निम्माच, हे दुकानदाराने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पण तो ओढीमुळे नाही गेला, तो गेला ड्युटीमुळे. प्लेटवर बारीक अक्षरात एस ३, २० टक्के, १० मिनिटं असं लिहिलं होतं. याचा अर्थ दर १० मिनिटात २ मिनिटं चालवायचं आणि ८ मिनिटं थंड होऊ द्यायचं. आमची एक फेरीच सव्वादोन मिनिटांची, वर जाऊन लगेच खाली, लगेच पुढची, गाडीवाला वर हॉर्न वाजवतोय, आठ मिनिटं कोण थांबणार. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात वाइंडिंग, म्हणजे मोटरच्या आतली तारेची गुंडाळी, जळलं. रिवाइंडिंगवाल्याने करून दिलं, परत जळलं. उरलेला सीझन परत डोक्यावर.

दुसऱ्या वर्षी एका फॅब्रिकेटरने सगळं बसवून दिलं. साधी मोटर, ३०ला १ वर्म गिअरबॉक्स (स्क्रूसारखा दांडा दात्यांचं चाक फिरवतो तो, मोटरचे ३० फेरे झाले की बाहेर १) आणि पुढे चेन स्प्रॉकेटने अजून निम्मं. मी विचारलं ब्रेक कुठाय, तर म्हणाला वर्म सेल्फ लॉक असतो, ड्रमकडून ढकललं तरी उलटा फिरत नाही, ब्रेकचे पैसे कशाला घालवता. आणि पूर्ण सीझनभर ते खरंच वाटलं, कारण ट्रॉली मधे थांबवली की तिथेच उभी राहायची. सीझन संपला, गावठी रायवळ आंबेही आटपले, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात झाडांना घालायचं खत खाली सोडत होतो, ५० किलोची ८ पोती. आभाळ भरून आलेलं, वारा सुटला आणि ट्रॉली निम्म्या वाटेत असताना लाइट गेली. मोटर बंद झाली पण ट्रॉली थांबली नाही. आधी त्याच वेगाने, मग जास्त, मग जास्त, आणि खालच्या स्टॉपरवर जाऊन आदळली. पोती फुटली, पुढचा एक्सल वाकला. काका खाली उभे होते पोती उतरवायला. आवाज ऐकून ते बाजूला कलमाकडे सरकले म्हणून वाचले. मी वरून बघत होतो आणि माझ्या हातात फक्त एक बटण होतं ज्याचा काही उपयोग नव्हता. ते अजून आठवतं.

नंतर कळलं ते असं. वर्म उभा असताना धरतो ते घर्षणावर. पण तो आधीच फिरत असेल, तेल गरम होऊन पातळ झालेलं असेल, तर तेच घर्षण खूप कमी होतं आणि वजन त्याला उलटं फिरवू शकतं. चढताना लाइट गेली तर ट्रॉली आधी थांबते आणि मग वर्म तिला धरतो, म्हणून आम्हाला सीझनभर काही जाणवलं नाही, कारण भरलेली ट्रॉली नेहमी वरच जायची. उतरताना गेली तर थांबायला काही कारणच नसतं. त्यामुळे वर्म गिअरबॉक्स घ्यायचा असला तरी घ्या, स्वस्त असतो, आवाज कमी करतो, पण त्याला ब्रेक म्हणू नका. तुमच्या माणसांच्या डोक्यावर नाहीतर समोर वजन लटकणार असेल तर एचपी नंतर विचारा, आधी विचारा की लाइट गेल्यावर वजन कोण धरणार.

तर आता तिसरी. हेलिकल गिअर मोटर (तिरक्या दात्यांचा गिअरबॉक्स मोटरलाच जोडलेला), २ एचपी म्हणजे दीड किलोवॅट, ४ पोल, रेशो ६०ला १, मोटरच्या मागच्या बाजूला फॅनच्या आत डीसी ब्रेक, हाताने सोडायची लिव्हर, आयपी ५५ (धूळ-पाणी अडवण्याचा दर्जा), इन्सुलेशन क्लास एफ (वाइंडिंगचं आवरण किती गरमी सोसतं त्याचा दर्जा). कोल्हापूरला उद्यमनगरात तीन ठिकाणी फिरून घेतली, आंबा घाटातून पिकअपमधे आणली. मोटर ब्रेकसकट साधारण ४० हजार आणि ड्राइव्ह, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारा डबा, तो वेगळा. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण मला नावाचा प्रचार करायचा नाहीये. बोनफिग्लिओली, नॉर्ड, एसईडब्ल्यू अशा बऱ्याच कंपन्या ब्रेकवाली गिअर मोटर करतात. नाव कुठलंही असू दे, प्लेट वाचता आली पाहिजे.

किती एचपी हा प्रश्न सगळे पहिला विचारतात म्हणून आमचा हिशोब देतो, तुमचे आकडे घालून करून बघा. ट्रॉली १२० किलो, १६ क्रेट मिळून साडेतीनशे, झाले ४७०, आम्ही ५०० धरले. ३० अंशाच्या चढावर रोपवर वजनाच्या निम्मी ओढ येते म्हणजे २५०. चाकांचं घर्षण, खाऱ्या हवेचा गंज, रेल कुठे जरा वाकडी, त्याचे ५० वर धरले. ३०० किलोची ओढ म्हणजे २९४३ न्यूटन. वेग सेकंदाला २० सेंटीमीटर. गुणाकार केला की ५८९ वॅट, पाऊण एचपीच्या जरा वर. आता गिअरबॉक्समधे किती जातं ते बघायचं. हेलिकल शंभरातले नव्वदच्या वर पुढे पोचवतो, ६०ला १ वर्म साठच्या आसपास, बाकीची गरमी होऊन जाते. म्हणजे त्याच कामाला हेलिकलला साडेसहाशे वॅट पुरतात आणि वर्मला हजारच्या जवळ लागतात. उभी लिफ्ट असेल तर चढाचं निम्मं करू नका, पूर्ण वजन धरा.

मग १ एचपी का नाही घेतली? व्होल्टेज. आमच्याकडे संध्याकाळी सहा-सातला सिंगल फेज १९५ वर येतो, सगळ्यांचे पंप आणि पंखे चालू असतात. मोटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने कमी होते, सरळ प्रमाणात नाही. २३० च्या जागी १९५ आले म्हणजे व्होल्टेज १५ टक्के कमी, पण सगळ्यात जास्त जी ओढ मोटर देऊ शकते ती २८ टक्के कमी. आणि नेमक्या त्याच वेळी भरलेली ट्रॉली मधे थांबवून परत चढावर सुरू करायची असते. ज्याने कोणी फक्त वॅटचा हिशोब करून मोटर घेतली त्याची मोटर संध्याकाळी हुंकारत उभी राहते आणि जळते. म्हणून दुप्पट घेतली आणि दोन सीझनमधे बॉडीला हात लावता येणार नाही इतकी ती एकदाही तापली नाही.

ड्रम ६ इंची जाड पाइप लेथवर १६० मिमीला उतरवून केला, रोपच्या २० पट. याहून बारीक केला की रोपच्या तारा लवकर तुटतात. रोपच्या मध्यापर्यंत त्रिज्या ८४ मिमी, म्हणजे ड्रमवर लागणारा टॉर्क, म्हणजे फिरवायची ताकद, २४७ न्यूटन मीटर, आणि गिअरबॉक्सच्या प्लेटवर साडेपाचशेच्या वर लिहिलाय. मोटर १४१० ने फिरते, भागिले ६० म्हणजे साडेतेवीस फेरे मिनिटाला, त्यातून सेकंदाला २० सेंटीमीटर बरोबर येतात. दुकानात गेल्यावर हे तीन आकडे, टॉर्क, फेरे आणि वेग, कागदावर लिहून न्या, नुसतं "दोन एचपीची द्या" म्हटलं की ते जे शेल्फवर पडलंय ते देतात.

ब्रेकबद्दल जरा सविस्तर, कारण पैसे त्याच्यासाठीच दिलेत. हा ब्रेक स्प्रिंगने लागतो आणि करंट दिल्यावर सुटतो. लाइट असेल तरच मोकळा, लाइट गेली, वायर तुटली, फ्यूज उडाला, काहीही झालं की खट्ट करून धरतो. आमचा २० न्यूटन मीटरचा आहे, मोटरच्या शाफ्टवर वजन धरायला ४ च्या आसपास लागतो, म्हणजे जवळजवळ पाचपट. बसवल्यावर पहिलं काम मी हेच केलं, ५०० किलो जांभे दगड भरले, ट्रॉली उतरत असताना निम्म्यावर मेन स्विच खाली ओढला. हातभर सुद्धा सरकली नाही. काका शेजारी उभे होते, त्यांनी स्वतः तीन वेळा मेन ओढून बघितला आणि मग म्हणाले आता चालंल.

पण पहिल्या दिवशी हे असं सुरळीत नव्हतं झालं. इलेक्ट्रिशियनने ड्राइव्ह जोडला आणि मोटर सुरू केली तर ब्रेक कट कट कट वाजायला लागला, ट्रॉली धक्के खात दोन फूट गेली आणि ड्राइव्ह ट्रिप. परत तेच. मला वाटलं माल खराब आला. कोल्हापूरला फोन लावला तर त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, ब्रेकचा रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा) कुठून दिलाय? कारखान्यातून मोटर येते तेव्हा ब्रेकची सप्लाय आतच मोटरच्या टर्मिनलवरून घेतलेली असते, थेट स्टार्टरवर चालवणाऱ्यांसाठी ते ठीक आहे. पण ड्राइव्ह लावला की टर्मिनलवरचं व्होल्टेज सुरुवातीला अगदी थोडं असतं, तेवढ्यावर ब्रेक सुटत नाही. आतल्या पट्ट्या काढून ब्रेकला वेगळी २३० ची लाइन द्यायची आणि ती ड्राइव्हच्या रिलेमधून न्यायची, म्हणजे मोटरने आधी ओढ घेतली की मग ब्रेक सुटतो, आणि थांबताना आधी ब्रेक लागतो मग मोटर सोडते. पंधरा मिनिटांचं काम होतं. ही गोष्ट टर्मिनल बॉक्सच्या झाकणावर मोठ्या अक्षरात छापायला हवी होती, कागदात आहे पण इतक्या बारीक छापलीय की चष्मा लावूनही दिसत नाही. हा या मालाचा पहिला दोष.

ड्राइव्ह म्हणजे व्हीएफडी लावावा का असं बरेच जण विचारतात. आमच्याकडे शेतीची थ्री फेज ठराविक वेळेलाच असते, कधी रात्रीची, त्यामुळे संध्याकाळच्या कामाला उपयोगाची नाही. सिंगल फेज घेऊन थ्री फेज देणारा ड्राइव्ह घेतला. एक लक्षात ठेवा, हा ड्राइव्ह २३० चीच थ्री फेज देतो, ४१५ ची नाही, त्यामुळे मोटरची जोडणी स्टारची डेल्टा करावी लागते (वाइंडिंगची टोकं जोडायच्या या दोन पद्धती). आमच्या २ एचपीच्या प्लेटवर २३० डेल्टा, ४१५ स्टार असं दोन्ही होतं म्हणून जमलं, नुसतं ४१५ डेल्टा लिहिलं असेल तर ती मोटर या ड्राइव्हवर पूर्ण ताकद देणार नाही. दुसरं म्हणजे उतरताना वजन मोटरला ढकलतं, मोटर जनरेटरसारखी वीज परत ड्राइव्हमधे घालते, तिला जायला जागा हवी म्हणून ती गरमी करून घालवणारा ब्रेकिंग रेझिस्टर लावावाच लागतो. नाही लावला तर भरलेली ट्रॉली उतरताना ओव्हर व्होल्टेज दाखवून बंद पडेल. आणि सिंगल फेज कपॅसिटर स्टार्ट मोटर लावून पैसे वाचवू म्हणाल तर ती चालू असताना उलटं बटण दाबलं तरी ती आहे त्याच दिशेने फिरत राहते, असल्या कामाला ती नकोच. ज्यांच्याकडे कायम थ्री फेज आहे आणि ड्राइव्ह नको असेल त्यांनी फेजचा क्रम उलटला की बंद करणारा फेज सिक्वेन्स रिले तरी लावा. लाइनवर काम झालं आणि दोन फेज अदलाबदल झाले की वरचं बटण दाबल्यावर ट्रॉली खाली जाते आणि टोकाला थांबवणारा लिमिट स्विचही चुकीच्या दिशेचा बंद करतो, हे आमच्या ओळखीत झालंय.

थांबण्यासाठी तीन टप्पे ठेवलेत. शेवटच्या दीड मीटरवर सेन्सर, तिथे वेग नेहमीच्या ५० वरून १५ हर्ट्झवर येतो. मग थांबायचा सेन्सर. आणि तो चुकला तर पुढे एक साधा खटक्याचा लिमिट स्विच जो मेन कॉन्टॅक्टरच (सगळी सप्लाय जोडणारा-तोडणारा) पाडतो, ड्राइव्हला विचारत नाही. शिवाय रोप ढिला पडला तर बंद करणारा एक स्विच ड्रमजवळ. एकाने सर्व्हो मोटर सुचवली होती, मिलिमीटरमधे थांबेल म्हणून. आंब्याचा क्रेट पाच सेंटीमीटर इकडे तिकडे थांबला तर काय फरक पडतो, ते पैसे स्विचवर घाला.

आता आपल्या हवेचा प्रश्न. इथे पाऊस वर्षाला ३ हजार मिलिमीटरच्या वर आणि बाकीचे आठ महिने खारा वारा. आयपी ५५ पाण्याच्या फवाऱ्याला पुरतं पण दमटपणा आत शिरतोच. पहिल्या पावसाळ्यात मोटर साडेतीन महिने झाकून ठेवली, गणपती झाल्यावर सुरू करायला गेलो तर ब्रेक सुटेना. चकती प्लेटला गंजाने चिकटली होती. लिव्हरने सोडायचा प्रयत्न केला, नाही सुटला, शेवटी फॅन कव्हर काढून हलक्या हाताने मोकळी केली. हा दोष कंपनीचा म्हणता येणार नाही पण समुद्राकाठी कोणी घेणार असेल तर विकणाऱ्याने सांगायला हवं. ब्रेकवर रबरी रिंग मिळते धूळ-पाणी अडवणारी, ती ऑर्डर देतानाच मागा, हँड रिलीज लिव्हर पण मागा, दोन्ही मागितल्याशिवाय येत नाहीत. गेल्या पावसाळ्यात दर रविवारी रिकामी ट्रॉली दोनदा वरखाली केली, काही त्रास नाही. वायर आत जाते ती ग्लँड खालच्या तोंडाला घ्या, वरून घेतली की पाणी वायरवरून थेट टर्मिनल बॉक्समधे. फॅन कव्हरचे साधे स्क्रू वर्षात गंजले, स्टेनलेसचे टाकले.

अजून एक तक्रार, व्होल्टेज १९० च्या खाली गेलं की ब्रेक सुटायला कां-कू करतो, खट्ट आवाज येत नाही आणि मोटर ब्रेकवरच ओढायला बघते. असं चाललं तर लायनिंग जळेल. ब्रेकच्या लाइनला छोटा स्टॅबिलायझर लावला, तेव्हापासून ठीक. आणि गिअरबॉक्सचं तेल किती भरायचं हे मोटर आडवी बसवणार की उभी त्यावर ठरतं, ऑर्डर देताना पोझिशन सांगावी लागते, आम्हाला कोणी विचारलं नव्हतं, नशिबाने आडवीच होती.

वापरायला कशी आहे तर, १६ क्रेट सव्वादोन मिनिटात वर. ६५ क्रेटचा दिवस असेल तर पाच फेऱ्या, भरणं-उतरवणं धरून पाऊण तासात रस्त्यावर, आधी चार गडी अडीच तास चढउतार करायचे. आंब्याला धक्का लागत नाही हा फायदा मी धरलाच नव्हता. डोक्यावरून येताना क्रेट कलते, फळाला फळ घासतं, चीक लागतो, आता तसं खूप कमी. ड्राइव्हमुळे सुरुवात इतकी हळू होते की वरच्या क्रेटवर ठेवलेला पाण्याचा तांब्या लवंडत नाही. काका आता वरच्या बटणावर असतात, सकाळी पहिली फेरी सोडायच्या आधी रिकाम्या ट्रॉलीवर मेन ओढून ब्रेक बघतात, कोणी सांगितलेलं नाही त्यांना.

या दिवाळीत ब्रेकची गॅप फिलर गेजने तपासली, थोडी वाढली होती, अ‍ॅडजस्ट केली. ड्रमच्या लांबच्या बाजूचं बेअरिंग मात्र आवाज करतंय, ते मार्चच्या आत बदलायचं आहे. कोणाला प्रत्यक्ष बघायची असेल तर एप्रिलमधे या, दुपारी चारनंतर चालू असते.